दूरशिक्षणाची पदवी घेण्याआधी विद्यापीठ कसं पारखायचं? कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी

आंब्याची बाग, मच्छीची होडी, घरातलं दुकान, लहान मुलं किंवा बारावीनंतर लगेच धरलेली नोकरी, यांमुळे रोज कॉलेजला जाणं जमत नाही, अशांसाठी दूरशिक्षण हा सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे. मात्र प्रवेश घेताना बहुतेक जण एवढंच विचारतात, "हे विद्यापीठ चांगलं आहे ना?" या प्रश्नाने भागत नाही. कागदपत्रांच्या पडताळणीत विद्यापीठाच्या नावासोबत आणखी तीन गोष्टी पाहिल्या जातात: तुमचा नेमका अभ्यासक्रम, ज्या सत्रात प्रवेश घेतला ते सत्र, आणि शिक्षणाचं माध्यम (भाषा नव्हे, तर नियमित, दूरशिक्षण की ऑनलाइन). या तिन्हींना त्या वेळी मान्यता होती का, यावर सगळं ठरतं. विद्यापीठ नामवंत असूनही त्याच्या एखाद्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाला त्या वर्षी मान्यता नसते, असं घडतं. त्यामुळे पुढच्या पायऱ्या शक्यतो दिलेल्या क्रमाने करा. पहिल्या तीन पायऱ्यांना पैसे लागत नाहीत. मोबाइल आणि एक संध्याकाळ पुरते.

१. पदवी कुठे दाखवायची आहे, ते आधी ठरवा

स्पर्धा परीक्षा, जिल्हा परिषद किंवा बँकेची नोकरी हे लक्ष्य असेल तर कायदेशीर मान्यता हाच पहिला आणि शेवटचा निकष. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या समकक्ष धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हे पुन्हा स्वतंत्र सूचना काढून स्पष्ट केलं. त्यामुळे "बाहेरून केलेली पदवी सरकारी नोकरीत चालत नाही" हे वाडीत ऐकू येणारं वाक्य चुकीचं आहे. मान्यता नसलेली पदवी चालत नाही, एवढंच खरं.

खाजगी कंपनीत नोकरी हवी असेल तर नावाची ओळख आणि तुमचं कौशल्य दोन्ही लागतं. पुढे एम.ए., एम.कॉम. किंवा बी.एड. करायचं असेल तर त्या पुढच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपात्रता आत्ताच वाचून घ्या. कोणते विषय किती श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) हवेत, हे तिथे लिहिलेलं असतं. आखातात जायचं असेल तर नियम आणखी वेगळे आहेत, त्याबद्दल नवव्या पायरीत.

२. यूजीसीची यादी स्वतः वाचा

भारतात पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे फक्त तीन प्रकारच्या संस्थांना आहे: केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. "परिषद", "कौन्सिल", "ओपन बोर्ड", "इन्स्टिट्यूट ऑफ डिस्टन्स एज्युकेशन" अशा नावाची, पण या तिन्हींत न बसणारी संस्था पदवी देऊ शकत नाही. ट्रस्टची नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र, एमएसएमई नोंदणी यांचा पदवीशी काडीचा संबंध नाही. भिंतीवर हीच प्रमाणपत्रं फ्रेम करून टांगलेली दिसली तर सावध व्हा. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करते. त्यात नागपूरच्या "राजा अरेबिक युनिव्हर्सिटी"चं नाव अनेक वर्षं आहे, म्हणजे अशा संस्था फक्त उत्तरेत असतात हा समजही सोडून द्या.

मात्र बोगस यादीत नाव नसणं म्हणजे मान्यता नव्हे. मान्यतेची यादी वेगळी असते. ती अशी पाहा:

- यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचं, म्हणजे डीईबीचं, अधिकृत संकेतस्थळ उघडा. जाहिरातीत दिलेल्या लिंकवरून तिथे जाऊ नका.
- मुक्त व दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. तुमचा अभ्यासक्रम ज्या माध्यमाचा, ती यादी घ्या.
- शैक्षणिक वर्ष आणि सत्र निवडा. जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी अशी दोन सत्रं असतात.
- विद्यापीठाच्या नावावर थांबू नका. त्यापुढे मंजूर अभ्यासक्रमांची यादी असते. तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव तिथे जसंच्या तसं, विशेष विषयासकट आहे का पाहा. नुसतं "एम.ए." पुरत नाही, "एम.ए. (मराठी)" मंजूर आणि "एम.ए. (भूगोल)" नामंजूर असू शकतो.
- ते पान तारखेसकट छापून किंवा पीडीएफ करून ठेवा. पाच वर्षांनी पडताळणीच्या टेबलावर हाच कागद तुमची बाजू मांडेल.

जुन्या पदव्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. २०१३ पर्यंत दूरशिक्षणाची मान्यता इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) अंतर्गत असलेली दूरशिक्षण परिषद (डीईसी) देत असे. त्यानंतर ते काम यूजीसीकडे आलं. घरात कुणाची २००८-०९ ची पदवी असेल तर तिची मान्यता डीईसीच्या कागदावर शोधावी लागते.

३. दूरशिक्षणाने जे होतच नाही, त्यासाठी पैसे भरू नका

अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी, पॅरामेडिकल, आर्किटेक्चर, कायदा, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग, विमान देखभाल यांच्या पदव्या दूरशिक्षणाने मिळत नाहीत. पीएच.डी.ही नाही. कोकणात यातल्या दोन गोष्टींची विचारणा सतत होते. पहिली, "बीएस्सी ॲग्री बाहेरून करता येते का?" नाही. कृषी पदवीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतला नियमित प्रवेशच लागतो. बागायतीचं ज्ञान म्हणून छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करायला हरकत नाही, पण ती पदवी नव्हे. दुसरी, मालवण-तारकर्ली भागात होमस्टे चालवणाऱ्या घरांतून हॉटेल मॅनेजमेंटबद्दल येणारी. तिथेही पदवी म्हणून दूरशिक्षण चालत नाही.

जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र, आहारशास्त्र यांसारखे आरोग्याशी निगडित विषयही दूरशिक्षण आणि ऑनलाइन माध्यमातून बंद झाले. बी.ए. करताना "मानसशास्त्र विशेष मिळेल" असं कुणी अजून सांगत असेल तर त्याच्याकडची माहिती जुनी आहे, किंवा तो मुद्दाम दडवतो आहे.

एमबीए, एमसीए यांच्या बाबतीत एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची) मान्यता किंवा शिफारस आहे का हे पाहा. बी.एड.साठी एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता लागते आणि दूरशिक्षणाचा बी.एड. प्रामुख्याने सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे, कोणत्याही पदवीधरासाठी नाही.

हा नियम मोडला की काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात दिसतं. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि एआयसीटीईने घेतलेली परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली गेली. त्यानंतरच्या पदव्या तर रद्दच झाल्या. विद्यार्थ्यांनी अभ्यास केला होता, परीक्षा दिल्या होत्या, काहींना त्यावर बढतीही मिळाली होती. तरी पदवी वाचली नाही.

४. नॅक आणि क्रमवारी: किती विश्वास ठेवायचा

नॅकची (विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) श्रेणी सीजीपीएवरून, म्हणजे चारपैकी सरासरी गुणांकावरून ठरते: ३.५१ ते ४ म्हणजे ए++, ३.२६ ते ३.५० ए+, ३.०१ ते ३.२५ ए, आणि २.७६ ते ३ म्हणजे बी++. जाहिरातीत फक्त "नॅक मानांकित" लिहिलं असेल तर आकडा विचारा. मानांकनाची मुदतही असते, ती संपलेली नाही ना हे नॅकच्याच संकेतस्थळावर पाहा.

श्रेणी संपूर्ण विद्यापीठाची असते, हे मात्र विसरू नका. प्रयोगशाळा, संशोधन, वसतिगृह, कॅम्पसवरचे प्राध्यापक या सगळ्यांचा तो हिशेब आहे. दूरशिक्षण विभाग पुस्तकं वेळेवर पाठवतो का, हे त्या आकड्यात शोधून सापडणार नाही. म्हणून नॅक हा उंबरठा समजा: खालचा असेल तर आत जाऊ नका, वरचा असेल तर पुढची तपासणी सुरू करा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत २०२४ पासून मुक्त विद्यापीठांचा वेगळा गट आहे आणि त्यात पहिल्याच वर्षी इग्नू पहिलं आलं. मुक्त विद्यापीठांची तुलना करताना हाच गट पाहा, सर्वसाधारण गट नव्हे.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले "टॉप टेन" आणि हॉटेलात झालेल्या पुरस्कार सोहळ्यांचे फोटो यांना शून्य गुण द्या.

५. कोकणातून हाताशी असलेले पर्याय

इग्नू. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन. केंद्रीय विद्यापीठ असल्याने देशभर केंद्रं. २०२१ मध्ये नॅक ए++. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. अभ्याससाहित्य दर्जेदार, पण बरेच अभ्यासक्रम इंग्रजी किंवा हिंदीत. मराठीतून शिकलेल्याने प्रवेशाआधी इंग्रजीतलं एक प्रकरण वाचून बघावं.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक. १९८९ च्या राज्य कायद्याने स्थापन. मराठीतून शिकायचं असेल तर पहिला विचार याचाच. पुस्तकं मराठीत, केंद्रं तालुक्यापर्यंत. बारावी न झालेल्यांसाठी असलेल्या "पूर्वतयारी" परीक्षेमुळे हे नाव गावोगाव माहीत आहे. त्या वाटेने जायचं असेल तर दोन गोष्टी पाहा: चालू सत्राच्या माहितीपुस्तिकेत ती वाट दिली आहे का, आणि तुम्हाला हव्या त्या नोकरीत "बारावी उत्तीर्ण" ही अट स्वतंत्रपणे घातली आहे का. अट असेल तर पदवी असूनही अर्ज अडकू शकतो. अशांनी आधी एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) किंवा राज्य मंडळातून बारावी करून घेणं शहाणपणाचं.

मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र, म्हणजे जुनं "आयडॉल". १९७१ पासून चालू आहे. विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकने ३.६५ गुणांसह ए++ दिलं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली महाविद्यालयं याच विद्यापीठाशी संलग्न असल्याने स्थानिक कार्यालयांना आणि शाळांना या गुणपत्रिकेची सवय आहे. पुढे नियमित एम.ए.ला मुंबई विद्यापीठातच जायचं असेल तर कागदपत्रांची धावपळही कमी होते. रत्नागिरीत विद्यापीठाचं उपपरिसर आहे. मुंबईला फेरी मारण्याआधी तिथे चौकशी करा.

परराज्यातल्या राज्य विद्यापीठाचं "दूरशिक्षण केंद्र" चिपळूणला किंवा कुडाळला उघडलेलं दिसलं तर थांबा. राज्य विद्यापीठांना दूरशिक्षण आपल्या कार्यक्षेत्रातच चालवता येतं. ऑनलाइन माध्यमाला ही हद्द नाही, पण ऑनलाइन अभ्यासक्रमाला गावात केंद्राचीही गरज नसते. त्यामुळे "ऑनलाइन पदवीचं अधिकृत सेंटर" ही पाटी म्हणजे बहुधा दलालाचं दुकान.

६. पुस्तक उघडून पाहा

दूरशिक्षणात समोर शिक्षक नसतो, पुस्तकच शिकवतं. म्हणून विद्यापीठाचा दर्जा पाहायचा तर त्याचं एक पुस्तक हातात घ्या. आधीच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून मागून घ्या किंवा संकेतस्थळावरून उतरवून घ्या. इग्नूची बहुतेक पुस्तकं त्याच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

पहिलं, आतल्या पानावर शेवटची सुधारणा कोणत्या वर्षाची आहे ते पाहा. मग मजकुरातली जुनी माहिती पकडा. वाणिज्यच्या पुस्तकात अप्रत्यक्ष करांचं प्रकरण काढा: १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तरी पुस्तक अजून व्हॅट आणि अबकारी करातच रमलं असेल तर ते आठ-दहा वर्षं कुणी उघडलेलं नाही. कंपनी कायदा १९५६ चा शिकवतात की २०१३ चा? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा की २०१९ चा? राज्यशास्त्रात किंवा समाजशास्त्रात भारतीय दंड संहितेचे दाखले असतील तर १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, याचा उल्लेख आहे का? ही तपासणी कुणालाही दहा मिनिटांत जमते आणि कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त सांगून जाते.

दुसरं, मांडणी. चांगल्या घटकात सुरुवातीला उद्दिष्टं असतात, दर चार-पाच पानांनंतर "तुमची प्रगती तपासा" अशा धर्तीचे प्रश्न असतात आणि शेवटी त्यांची उत्तरं किंवा उत्तरांच्या दिशा असतात. नुसता सलग मजकूर असेल तर ते गाईडच आहे, स्वयं-अध्ययन साहित्य नव्हे. मराठी पुस्तक असेल तर एक परिच्छेद मोठ्याने वाचा. वाक्याचा अर्थ लावायला मूळ इंग्रजी शब्द आठवावे लागत असतील तर त्या पुस्तकावर तीन वर्षं काढणं कठीण आहे.

तिसरं, स्वाध्याय. मागच्या दोन वर्षांचे स्वाध्यायाचे प्रश्न शेजारी ठेवा. शब्दन् शब्द तेच असतील तर ते तपासणाराही वाचत नसणार.

७. केंद्रावर जा आणि हे विचारा

अभ्यासकेंद्र म्हणजे मदतीची जागा. प्रवेश विद्यापीठ देतं. फ्रँचायझी देऊन केंद्र चालवायला यूजीसीची मनाई आहे. केंद्र साधारणपणे एखाद्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात असतं. झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवरचं, मोबाइल रिचार्जसोबत पदवीचेही फॉर्म घेणारं "सेंटर" हे अभ्यासकेंद्र नाही. सेतू किंवा सायबरवाल्याकडून फॉर्म भरून घेणं ठीक आहे, पण त्याने फक्त टायपिंगचे पैसे घ्यावेत.

- केंद्राचा क्रमांक काय? तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या यादीत, याच पत्त्यासह, तुमच्या अभ्यासक्रमापुढे आहे का?
- शुल्क कुणाच्या खात्यात जातं? विद्यापीठाच्या पोर्टलवर थेट भरता आलं पाहिजे. "माझ्या नंबरवर जीपे करा, मी भरतो" याला ठाम नकार द्या.
- मागच्या वर्षी तुमच्या विषयाची संपर्क सत्रं (केंद्रावरचे तास) किती झाली, कोणत्या तारखांना? वेळापत्रकाची प्रत मागा. "होतात ना" हे उत्तर म्हणजे होत नाहीत.
- त्या विषयाचा समंत्रक, म्हणजे केंद्रावरचा मार्गदर्शक शिक्षक कोण? तो विषय कॉलेजात प्रत्यक्ष शिकवणारा आहे का?
- परीक्षा केंद्र कुठे असतं आणि गेल्या वर्षी ऐन वेळी बदललं होतं का?

उत्तरं मिळाल्यावर त्याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांना गाठा. त्यांना "कसं आहे?" असं मोघम विचारू नका. तारखा विचारा: पुस्तकं कधी आली, परीक्षा कधी झाली, निकाल कधी लागला, चुकलेलं गुणपत्रक दुरुस्त व्हायला किती महिने गेले, पदवी प्रमाणपत्र हातात कधी पडलं. निकाल लांबला की पुढच्या प्रवेशाची आणि नोकरीच्या अर्जाची मुदत जाते, आणि दूरशिक्षणात सगळ्यात जास्त नुकसान याच कारणाने होतं.

८. वेळापत्रक कोकणाच्या वर्षात बसतं का?

विनियमांत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरली तर ३,६०० तास होतात, म्हणजे १५६ आठवड्यांत दर आठवड्याला साधारण २३ तास. एवढे नाहीत तर निदान १२-१५ तास खरोखर निघतील का, हे प्रामाणिकपणे पाहा. नाहीतर एका वेळी कमी विषय घेऊ देणारं आणि कमाल मुदत जास्त देणारं विद्यापीठ निवडा.

मग कॅलेंडर समोर घ्या. हापूसचं काम मार्च ते मे. त्याआधी डिसेंबर-जानेवारीत मोहोरावरच्या फवारण्या. बागायतदाराला डिसेंबरची परीक्षा जड जाते आणि एप्रिल-मेची तर अशक्यच. जूनची त्यातल्या त्यात बरी. मच्छीमारांचं उलट आहे: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हाच त्यांचा अभ्यासाचा आणि संपर्क सत्रांचा काळ. स्वाध्याय जमा करायची तारीख गणपतीच्या आठवड्यात येत असेल तर ती पंधरा दिवस आधीची समजून चाला, कारण त्या दिवसांत घरही भरलेलं असतं आणि पोस्टही.

परीक्षा केंद्राला पोचायला लागणारा वेळ पावसाळ्याच्या हिशेबाने धरा. दोडामार्ग, मंडणगड, संगमेश्वरच्या आतल्या गावांतून सकाळच्या पेपरला जायचं तर पहिली एसटी कितीला सुटते, घाटात दरड आली तर दुसरा रस्ता कोणता, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालं आहे का, हे आधी पाहून ठेवा. जवळ नातेवाईक असतील तर आदल्या दिवशीच जा.

ऑनलाइन पदवीत घरबसल्या परीक्षा असते, कॅमेरा सतत चालू लागतो. झाड पडून लाईट गेली किंवा नेट तुटलं तर पेपर पुन्हा देता येतो का, कोणत्या नियमाने, हे विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी घ्या. गावात नेट भरवशाचं नसेल तर केंद्रावर जाऊन लेखी परीक्षा देणारा पर्याय जास्त सुरक्षित.

९. ज्याला पदवी दाखवायची, त्यालाच विचारा

बढतीसाठी करत असाल तर आपल्या आस्थापना विभागाला अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. काही खात्यांत शिक्षणासाठी पूर्वपरवानगी लागते. नियमित पदवी चालू असताना दुसरी दूरशिक्षणाने करायला यूजीसीने २०२२ पासून मुभा दिली आहे, पण आपलं कॉलेज ते स्वीकारतं का हे विचारा.

आखातासाठी: पदवीचं साक्षांकन राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयात होतं. ओमान, बहरीन, सौदी अरेबिया अपोस्टील (परराष्ट्र मंत्रालयाचं आंतरराष्ट्रीय साक्षांकन) स्वीकारतात. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेतसाठी दूतावासाचा शिक्का लागतो. साक्षांकन झालं म्हणजे कागद खरा ठरला, एवढंच. तिथल्या सरकारने ती पदवी समकक्ष मानणं ही वेगळी प्रक्रिया आहे आणि तिथे शिक्षणाचं माध्यम विचारलं जातं. ते लपवताही येत नाही, कारण विनियमांनुसार पदवीवर किंवा गुणपत्रकावर माध्यम, प्रवेशाची आणि पूर्ण झाल्याची तारीख नोंदवलेली असते. शिक्षक किंवा तंत्रज्ञ म्हणून जाणाऱ्यांनी कंपनीच्या एचआरकडून आधी ईमेल घ्यावा.

१०. खर्चाची बेरीज आणि कर्जाचा सापळा

वर्षाच्या शुल्कात नोंदणी, परीक्षा शुल्क, प्रकल्प किंवा प्रात्यक्षिक, पुनर्परीक्षा, पात्रता प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्र आणि प्रवास मिळवा. तीन वर्षांची बेरीज करून मगच दोन विद्यापीठांची तुलना करा.

ॲपवाल्या कंपन्यांमार्फत प्रवेश घेताना "नो कॉस्ट ईएमआय" म्हणून जे सही करून घेतात, ते बहुतेकदा वित्त कंपनीचं कर्ज असतं. शिक्षण सोडलं तरी हप्ते चालू राहतात, सिबिल बिघडतं. अशा कंपनीला स्वतः पदवी देता येत नाही. परदेशी विद्यापीठाशी हातमिळवणी करून ऑनलाइन पदवी देणाऱ्या कंपन्यांबाबत यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली आहे.

"एका वर्षात पदवी", "मागच्या तारखेने प्रवेश", "परीक्षेला बसावं लागत नाही", "पेपर आम्ही लिहून घेतो": यातलं एक वाक्य कानावर पडलं तरी उठून या. असा कागद वापरला तर नोकरी जातेच, शिवाय बनावट दस्तऐवज वापरल्याचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

११. प्रवेशाची कागदपत्रं

- दहावी, बारावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार (मोबाइल क्रमांक जोडलेला) आणि डिजिलॉकर खातं
- एबीसी क्रमांक, म्हणजे श्रेयांक बँकेचं खातं, डिजिलॉकरमधून मिळतो
- डीईबी क्रमांक. २०२४ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशाला सक्तीचा, डीईबीच्या संकेतस्थळावर स्वतः काढायचा
- फोटो, सही, लागू असल्यास जातीचा दाखला
- दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र

डीईबी क्रमांक कुणा एजंटाच्या मोबाइलवर काढू नका. तो आयुष्यभराचा एकच असतो आणि पासवर्ड त्याच्याकडे राहिला तर तुम्ही त्याच्या हातात राहता.

नावातला फरक हे अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण. दहावीला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दाखल्यावर "गांवकर", आधारवर "गावकर". प्रवेशाआधी आधार दुरुस्त करा किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नाहीतर राजपत्रातली नोंद तयार ठेवा. शक्य तिथे दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंगच सगळीकडे वापरा.

१२. आधीच संशयास्पद ठिकाणी प्रवेश घेतला असेल तर

पुढचा हप्ता थांबवा. प्रवेश ज्या सत्रात घेतला त्या सत्राची यूजीसी यादी काढा. चालू वर्षाची नव्हे. नाव आणि अभ्यासक्रम त्यात असेल तर नंतरच्या वर्षी मान्यता गेली तरी तुमचा प्रवेश वैध सत्रातला आहे. विद्यापीठाला ईमेल करून तसं लेखी घ्या आणि अभ्यासक्रम पूर्ण करा.

यादीत नसेल तर पैसे भरल्याच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचे संदेश, जाहिरातीचं पत्रक, केंद्राच्या पाटीचा फोटो एकत्र करा. शुल्क परत मागणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती सांभाळा. मूळ दहावी-बारावीची प्रमाणपत्रं केंद्राने अडकवून ठेवली असतील तर ती आधी सोडवा. ती ठेवून घेण्याचा अधिकार त्यांना नाही. मग यूजीसीकडे तक्रार, जिल्हा ग्राहक आयोगात दावा आणि फसवणूक असेल तर पोलीस ठाण्यात फिर्याद, अशा तिन्ही वाटा खुल्या आहेत. ग्राहक आयोगात दावा दाखल करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याच गावातले आणखी विद्यार्थी फसलेले असतील तर एकत्र जा, आणि प्रत्येकाने आपापल्या पावत्यांच्या प्रती वेगळ्या जोडा.